एका मिनिटाची बैठक

मी एक जुने, तीन पायांचे लाकडी स्टूल आहे. मित्रांनो, लगेच हसू नका. स्टूल म्हणजे दिवा बदलायला चढायचे आणि काम झाले की पायाने बाजूला सरकवायचे, एवढेच तुम्हाला ठाऊक असणार. पण मी हजारो माणसांच्या टाळ्या ऐकल्या आहेत. त्या माझ्यासाठी नव्हत्या, हे खरे. तरी मी ज्या जागेवरून त्या ऐकल्या, ती जागा पैसे मोजूनही कोणाला मिळत नाही. मी बॉक्सिंगच्या रिंगमध्ये, दोरांच्या आत, एका कोपऱ्यात असायचे.

लढत चालू असताना बॉक्सर उभा असतो आणि तो कसा लढतो ते साऱ्या जगाला दिसते. तो बसतो कसा, हे मात्र फक्त त्याच्या स्टूललाच कळते. म्हणून म्हणते, माझी हकीकत ऐका. तुम्हाला कुठल्याही वर्तमानपत्रात ती सापडणार नाही.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक लांबट खोली होती. तिच्यात करवतीचे यंत्र, एक जाडजूड टेबल आणि सगळीकडे भुसाच भुसा. त्या सुताराला सगळे मिस्त्री म्हणत, मीही तेच म्हणते. मिस्त्रींनी कुठल्याशा पाडलेल्या घराचा जुना दरवाजा आणला होता. त्याच्या फळीतून त्यांनी माझी बैठक कापली. नेमके कुलपाचे भोक माझ्या बैठकीत आले. दुसऱ्या कोणी त्यात लांबी भरून ते बुजवले असते. मिस्त्रींनी भोकात दोन बोटे घातली, मला उचलून पाहिले आणि म्हणाले, “असू दे. उचलायला बरं.”

त्यांनी मला पाय तीनच दिले. कोणी विचारले की सांगत, “चार पायांना सपाट जमीन लागते. तीन पाय कुठंही नीट बसतात.” मला हे वाक्य फार आवडते. माझ्या एका पायाच्या उणिवेचा त्यांनी गुण करून टाकला.

मला बनवले होते त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीसाठी. तिला टेबलावर चाललेले काम दिसत नसे, आणि बापाचा हात सोडून तिला करमत नसे. ती माझ्यावर उभी राहून रंधा कसा चालतो ते पाहत राही. तिची आई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात कामाला होती. दुपारी मुलीला कुठे ठेवायचे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे मी.

मुलगी डावरी होती. लिहिणे डाव्या हाताने, जेवणे डाव्या हाताने आणि मारणेही डाव्याच हाताने. मारण्याचे सांगते. भुसा ओला होऊ नये म्हणून मिस्त्री त्याची पोती आढ्याला टांगून ठेवत. ही पोरगी माझ्यावर उभी राहून त्या पोत्यांना गुद्दे घालायची. पोते मागे जाई, परत येई, आणि ती पुन्हा हाणायची. पुढे तिला माझी गरज उरली नाही, कारण उंची वाढली. पोती मात्र तशीच मार खात राहिली.

ती चौदा वर्षांची असताना एक गृहस्थ बाके बनवून घ्यायला आले. जवळच त्यांची बॉक्सिंगची तालीम होती. मिस्त्री मापे विचारत होते आणि गृहस्थांचे लक्ष पोत्याला गुद्दे घालणाऱ्या पोरीकडे.

“मिस्त्री, ही कोणाची?”

“माझीच. का, काही मोडलं का तिनं?”

“नाही. हिला उद्यापासून माझ्याकडे पाठवा.”

बाकांची मापे त्या दिवशी राहूनच गेली. हेच ते सर. पुढे सगळी लढाई त्यांनीच शिकवली.

घरी आईने साफ नकार दिला. “नाक मोडलं म्हणजे?”

“मी जाईन ना बरोबर,” मिस्त्री म्हणाले.

“तुम्ही जाऊन काय करणार? नाक धरून बसणार?”

पण मुलगी बापाच्या वळणाची आणि बाप मुलीच्या. दोघांनी मिळून आठवडाभर आईच्या मागे भुणभुण लावली. शेवटी आई म्हणाली, “जा. पण मी एकही लढत बघायला यायची नाही.” आणि मित्रांनो, तिने तो शब्द शेवटपर्यंत पाळला.

ती सहा-सात वर्षे हौशी स्पर्धांत खेळली आणि मग व्यावसायिक बॉक्सर झाली. व्यावसायिक लढतीत कोपऱ्यात आपली माणसे लागतात. सर सूचना द्यायला. एक कंपाउंडर, जखमेवर दाब द्यायला आणि सूज उतरवायला. आणि एक माणूस पाणी द्यायला नि स्टूल ठेवायला. हे तिसरे काम मिस्त्रींनी मागून घेतले. तालमीतले स्टूल लोखंडी होते. पहिल्याच सरावात मुलगी त्यावरून उठली आणि म्हणाली, “थंडगार आहे, आणि उंचही. बाबा, आपलं आणा ना.”

आपलं! मी तेव्हा कारखान्यात खिळ्यांचे डबे सांभाळत होते. मला धुतले, घासले. रिंगची जमीन मऊ असते, पाय रुतू नयेत म्हणून मिस्त्रींनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून माझ्या पायांना डकवल्या. आईने गणवेशाच्या निळ्या कापडाचे आवरण शिवले आणि त्यात बोटे घालायच्या भोकाची जागा मोकळी ठेवली. “बघायला येणार नाही, म्हणाले होते. शिवणार नाही असं कुठं म्हणाले?” असे काहीतरी पुटपुटत ती दोरा तोडत होती.

आता माझे काम नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. एक फेरी दोन मिनिटांची. घंटा वाजली की लढणाऱ्या दोघी आपापल्या कोपऱ्यात येतात आणि एक मिनिट बसतात. त्या एका मिनिटात पाणी, श्वास, सूचना, मलम, सगळे उरकायचे. शेवटची दहा सेकंदे उरली की शिट्टी वाजते. शिट्टी म्हणजे बाहेरच्यांनो, बाहेर पडा. बॉक्सर उभी राहते आणि स्टूल ताबडतोब दोरांबाहेर काढावे लागते. घंटा वाजल्यावर स्टूल आत राहिले, तर पंच शिक्षा देतात. घंटा वाजली की मला ठेवायचे आणि पुढची घंटा वाजायच्या आत मला काढायचे, एवढेच काय ते मिस्त्रींचे काम. लहान मूलही करील, असे वाटते ना?

तिसऱ्या लढतीत मिस्त्री ते विसरले.

तिचा ओठ फाटला होता. कंपाउंडरने कापूस दाबला, सरांनी काय सांगायचे ते सांगितले, शिट्टी वाजली, ती उठली. आणि मिस्त्री तिच्या ओठाकडे पाहत दोरांबाहेर उभेच राहिले. त्यांचे हात रिकामे होते आणि मी आतच होते. घंटा वाजली. मागे सरकताना पंचांचा पाय मला लागला आणि ते पडता पडता वाचले. त्यांनी लढत थांबवली, मिस्त्रींकडे बोट केले आणि मुलीचा एक गुण कापला. मित्रांनो, ती लढत ती किती गुणांनी हरली असेल? एकाच.

कपडे बदलायच्या खोलीत मिस्त्री कोपऱ्यात उभे होते आणि मान वर करत नव्हते. मी त्यांच्या हातात होते.  मुलगी थोडा वेळ रडली. मग तिने नाक पुसले आणि जवळ आली.

“बाबा, पुढच्या वेळी माझ्याकडे बघायचं नाही. स्टूलकडे बघायचं.”

“बरं.”

“मी आठवण करीन. मी म्हणेन, बाबा, स्टूल. तुम्ही काय म्हणाल?”

मिस्त्रींनी खूप विचार करून सांगितले, “हातात आहे.”

तेव्हापासून तो त्यांचा रिवाजच झाला. शिट्टी वाजली की उठता उठता ती म्हणायची, “बाबा, स्टूल.” आणि मिस्त्री भोकात दोन बोटे अडकवून मला उचलत म्हणायचे, “हातात आहे.” त्यानंतर एकदाही चूक झाली नाही. मला ठेवायची जागाही ठरलेली होती, कोपऱ्याच्या खांबापासून बरोबर एक वीत. मिस्त्री मापाला पक्के. तिला मागे वळून पाहावेसुद्धा लागत नसे. ती पाठमोरी यायची आणि धाडकन बसायची, आणि मी तिथे असायचेच.

मग चांगले दिवस आले. ती जिंकू लागली. रिंगमध्ये तिचे नाव पुकारताना पुढे ‘डावरी’ असे लावत आणि लोक ओरडून साथ देत. वर्तमानपत्रात एकदा तिचा मोठा फोटो आला, त्यात माझे दोन पाय दिसत होते. मिस्त्रींनी तो कापून कारखान्यात चिकटवला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते आधी मुलगी दाखवत आणि मग हळूच म्हणत, “आणि हे आपल्या हातचं स्टूल.” मीही थोडे फुशारून जायचे, खोटे कशाला बोलू?

पण मी तिला आतून ओळखत होते. जिंकत असली की ती माझ्या पुढच्या कडेवर बसायची, लगेच उठायच्या तयारीने. थकली की मागे रेलायची. भीती वाटली की डावी टाच माझ्या पायावर ठोकत राहायची. ती घाबरते हे सरांनाही माहीत नव्हते. मला माहीत होते. आणि मिस्त्रींनाही असावे, कारण टाच वाजू लागली की ते गुपचूप तिच्या पाठीवर हात ठेवत.

अठरावी लढत पट्ट्यासाठी होती. ही जिंकली की कमरेला मोठा पट्टा बांधतात आणि तुम्ही त्या वजनगटात पहिल्या. या दिवसासाठी तिने जिवाचे रान केले होते. लढत दहा फेऱ्यांची होती. प्रतिस्पर्धी उंच, शांत आणि उजव्या हाताने फार लांबून मारणारी. सगळे ठोसे येऊन लागत होते ते हिच्या उजव्या डोळ्यापाशी. तरी आपली डावरी पुढे होती. सहा फेऱ्या झाल्या तेव्हा सर म्हणाले, “पट्टा तुझाच आहे. अशीच राहा.”

सातवी फेरी संपली आणि ती आली. ती बसली, पण माझ्या मधोमध नाही. ती डाव्या कडेवर बसली, अर्धी बाहेर. घसरू लागली तेव्हा तिने हाताने मला चाचपले आणि मग सरकून नीट बसली.  इतक्या वर्षांत तिने मला कधी चाचपले नव्हते. सर समोर वाकून बोलत होते, कंपाउंडर सुजेवर थंड लोखंड धरून होता. त्यांना काही दिसले नाही. मिस्त्रींना दिसले. मी त्यांच्या बोटांवरून सांगते. शिट्टीनंतर त्यांनी मला उचलले तेव्हा बोटे भोकाच्या कडेला घट्ट आवळलेली होती.

“बाबा, स्टूल.”

“हातात आहे.”

आठवी फेरी संपली. मिस्त्रींनी मला ठेवले, ती हाताने चाचपून बसली. मिस्त्री नेहमी पाणी डावीकडून देत. या वेळी त्यांनी बाटली उजवीकडून पुढे केली, तिच्या गालापासून वीतभर अंतरावर, आणि काहीच बोलले नाहीत. बाटली तशीच धरलेली. तिने हात पुढे केला नाही. ती समोर पाहत होती आणि धापा टाकत म्हणत होती, “पाणी द्या ना बाबा.”

मिस्त्रींनी बाटली डावीकडून दिली. ती घटाघटा प्यायली.

“सर, हिला उजव्या डोळ्यानं दिसत नाही,” मिस्त्री म्हणाले.

“दिसतंय मला,” ती म्हणाली.

सरांनी बोटे वर केली. “किती?”

“दोन.”

“बरोबर. मिस्त्री, घाबरू नका. दोनच फेऱ्या राहिल्यात.”

आता एक गंमत सांगते, म्हणजे तेव्हा ती गंमत नव्हती. सर नेहमी दोनच बोटे दाखवत. सरावात, लढतीत, गेली दहा वर्षे. तालमीतल्या भिंतीलाही ते ठाऊक होते. मुलीला ठाऊक होते आणि मिस्त्रींनाही ठाऊक होते.

शिट्टी वाजली. ती उठली. सर आणि कंपाउंडर दोरांबाहेर गेले.

“बाबा, स्टूल,” ती म्हणाली.

मी वाट पाहत होते. भोकात बोटे आली नाहीत. त्याऐवजी माझ्यावर एक अनोळखी वजन आले. मिस्त्री स्वतः माझ्यावर बसले होते. रिंगच्या आत, एवढ्या लोकांसमोर, गुडघ्यांवर हात ठेवून.

“बाबा, स्टूल! घंटा होईल!”

“विसरलो नाही,” मिस्त्री म्हणाले. “या वेळी विसरलो नाही.”

“उठा.”

“उठणार नाही.”

घंटा वाजली. पंच धावत आले. लोक आधी हसले, मग ओरडू लागले. कोणीतरी पाण्याची रिकामी बाटली फेकली, ती माझ्या पायाशी येऊन पडली. आयुष्यात कधी कोणाशी भांडण न केलेला तो माणूस. त्यांचे पाय लटलट कापत होते, मला ते माझ्या लाकडात जाणवत होते. पण ते उठले नाहीत. ते सरांना म्हणाले, “सर, पुन्हा विचारा. उजवीकडून विचारा, आणि दोन नको.”

सरांचा चेहरा उतरला. ते दोरांतून आत आले, तिच्या उजव्या बाजूला उभे राहिले आणि चार बोटे वर केली. “किती?”

मुलीने बोटे पाहण्यासाठी सगळी मान वळवली. त्या मान वळवण्यातच उत्तर होते. सरांनी पंचांकडे पाहून दोन्ही हात हलवले. लढत संपली. पट्टा दुसऱ्या कोपऱ्यात गेला.

परतीच्या वाटेवर मुलगी बापाशी एक अक्षर बोलली नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितले, डोळ्याच्या आतला पडदा सुटला आहे, उद्याच ऑपरेशन करू. आणखी एक ठोसा बसता तर हा डोळा कायमचा गेला असता, असेही ते म्हणाले. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “तो ठोसा मी लागू दिला नसता.”

ऑपरेशन झाले. त्यानंतरचा नियम फार विचित्र होता. दोन आठवडे तोंड खाली करून पालथे पडून राहायचे, म्हणजे पडदा जागच्या जागी चिकटतो. मान अवघडून तिचा जीव जायचा. मिस्त्रींनी कारखान्यात जाऊन एक फळी केली, चेहरा मावेल एवढे गोल भोक असलेली, आणि ती पलंगाच्या डोक्याकडे बसवली. भोकाच्या कडेला आईने मऊ गादी शिवली. मुलगी त्या भोकात चेहरा ठेवून पडली. मग पाण्याचा पेला ठेवायला तिच्या चेहऱ्याखाली काहीतरी बुटके हवे होते. पलंगाखाली मावेल असे घरात एकच होते.

असे मी दोन आठवडे तिच्या नजरेसमोर होते. आजवर मी तिच्या पाठीमागे असायचे. तिने मला नीट असे कधी पाहिलेच नव्हते.

ती आईला म्हणायची, “आई, बाबांना सांग, औषधाची वेळ झाली.” मिस्त्री म्हणायचे, “तिला सांग, आणतोय.” दोघेही त्याच खोलीत. दोन दिवस आईने निरोप पोचवले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “मी पोस्टमन नाही. एकाच माळेचे मणी आहात, एकमेकांना सांगा.” आणि कामाला निघून गेली.

त्यानंतर निरोपही थांबले. दर दोन तासांनी मिस्त्री जमिनीवर बसत, वाकत आणि माझ्यावर पेला ठेवत. पेल्याची नळी तिच्या तोंडाशी येईल अशी वळवत. तिला त्यांचा चेहरा दिसत नसे. फक्त हात दिसे. नखांत वार्निश गेलेला, अंगठ्यावर जुना व्रण असलेला. माझे निळे आवरण काढून धुवायला टाकले होते, त्यामुळे बैठकीचे लाकूड उघडे होते. कुलपाच्या भोकाची एक बाजू मूळची खरखरीत होती. दुसरी बाजू, जिथे मिस्त्रींची बोटे अडकत, ती घासून घासून आरशासारखी गुळगुळीत झाली होती. अठरा लढती, प्रत्येक लढतीत कितीतरी वेळा. ती त्या जागेकडे तासन् तास पाहत राही. दुसरे पाहायला होते तरी काय?

नवव्या दिवशी मिस्त्री पेला ठेवून उठायला लागले, तेव्हा तिच्या डोळ्यातून एक थेंब माझ्यावर पडला. डोळा चांगला होता की दुखरा, ते मला माहीत नाही.

“बाबा,” ती म्हणाली. “स्टूल.”

मिस्त्री जागच्या जागी थांबले. मग पुन्हा खाली बसले, जमिनीवर, आणि त्यांनी भोकात दोन बोटे घातली. मला उचलले नाही. नुसती बोटे घालून बसले.

“हातात आहे,” ते म्हणाले.

मित्रांनो, मी अनेक विजय पाहिले. पण मला कोणी विचारले, तुझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस कोणता, तर मी हाच सांगेन. त्या दिवशी एकही टाळी वाजली नाही.

डोळा वाचला. कडेला थोडे धूसर राहिले, पण दिसू लागले. बॉक्सिंग मात्र संपले, डॉक्टरांनी ते सक्त बंद केले. आणि मग, खरे सांगायला हवे, मला सगळे विसरले. त्यांचा दोष नाही. मला पाहिले की त्यांना ती लढत आठवत असावी. मी पुन्हा कारखान्यात आले. माझ्यावर रंगाचे डबे आले, मग डब्यांवर डबे. पायांच्या रबरी चकत्या उंदरांनी कुरतडल्या. एक पाय सैल झाला. वर्तमानपत्रातला तो फोटो समोरच्या भिंतीवर पिवळा पडत होता, आणि मी त्यातले माझे दोन पाय पाहत दिवस काढत होते. अडगळीत पडलेल्या वस्तूला सर्वांत जास्त कशाचा त्रास होतो, सांगू? धुळीचा नाही. आपल्याला काम येते आणि कोणी सांगत नाही, याचा.

सात वर्षांनी सरांचे गुडघे थकले आणि त्यांनी तालीम मुलीकडे सोपवली. ती आता स्वतः शिकवू लागली. पहिल्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती कारखान्यात आली, डबे खाली उतरवले आणि मला उचलले. बोटे आपोआप भोकात गेली. तिची बोटे बारीक, पण जागा गुळगुळीत होती. आता तिच्या शिकाऊ मुली शिट्टी वाजली की ओरडतात, “ताई, स्टूल,” आणि ती म्हणते, “हातात आहे.” हे कुठून आले, ते त्यांना ठाऊक नाही. नव्या मुलीला ती बोटे दाखवते तेव्हा कधी एक, कधी पाच, कधी नुसती मूठ. दोन क्वचितच.

माझी हकीकत इथेच संपायची. पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली, आणि खरे म्हणजे तीच सांगायला मी तोंड उघडले.

मिस्त्री आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत. अजून रोज कारखान्यात जातात, अजून करवतीचे यंत्र चालवतात. पण गेले वर्षभर त्यांची मापे चुकत आहेत. एका घराचा दरवाजा चौकटीत बसेना, तर त्यांनी खापर पेन्सिलीवर फोडले. मग एकदा चौकटीवर. आई म्हणाली, “पेन्सिल बदलून झाली, चौकट बदलून झाली. आता डोळे बदला.” मोतीबिंदू आहे, साधे ऑपरेशन आहे, डॉक्टरांनी तीनदा तारीख दिली. तीनही वेळा मिस्त्रींना नेमके मोठे काम निघाले. खरे कारण वेगळे आहे. मी त्यांना ओळखते. ज्याने मुलीला दोन आठवडे पालथे पडलेले पाहिले, त्याला डोळ्याच्या ऑपरेशनची भीती वाटते. पण तोंडाने सांगतील तर शपथ.

त्या सकाळी मुलगी मला पाय पक्का करून घ्यायला घेऊन आली होती. दारातूनच तिने पाहिले. मिस्त्री फळी यंत्रावर सरकवत होते आणि पात्याचा अंदाज घ्यायला हाताने हवा चाचपत होते. तिने ते चाचपणे ओळखले. मीही ओळखले. ती धावत गेली आणि यंत्राचे बटण बंद केले.

“बाबा, तुम्हाला दिसत नाही.”

“दिसतंय मला.”

तिने त्यांच्यासमोर हात धरला. “किती बोटं?”

“दोन,” मिस्त्री ताबडतोब म्हणाले.

तिची मूठ मिटलेली होती.

 तिने मला यंत्र आणि मिस्त्री यांच्यामध्ये ठेवले, नीट माप घेतल्यासारखे, यंत्रापासून बरोबर एक वीत. आणि माझ्यावर बसली. माझा सैल पाय कुरकुरला, पण मी दम धरला.

“ऊठ,” मिस्त्री म्हणाले. “उद्या दार द्यायचंय.”

“उठणार नाही.”

“अगं, स्टूल बाजूला घे. किती वेळ बसशील?”

“डॉक्टरांकडे येईपर्यंत.” तिने गुडघ्यांवर हात ठेवले. “मी स्टूल विसरलेली नाही, बाबा.”

  मिस्त्री हळूच खाली भुशात बसले, तिच्या पायाशी, आणि हात पुढे करून मला चाचपू लागले. भोक सापडायला वेळ लागला. सापडले तेव्हा त्यांनी दोन बोटे आत घातली आणि म्हणाले, “दुखतं का गं फार?”

“नाही दुखत, बाबा. मी आहे ना बरोबर.”

“तू येऊन काय करणार? नाक धरून बसणार?” मिस्त्री म्हणाले, आणि दोघेही हसले. हसता हसता त्यांनी कानामागची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली.

ऑपरेशन येत्या सोमवारी आहे. माझा सैल पाय त्यानंतर मिस्त्री स्वतः बसवणार आहेत, नव्या डोळ्यांनी. तोवर मित्रांनो, एवढे करा. माझ्यावर उभे राहू नका, पाय मोडेल. आणि तुमचे कोणी माणूस तुमच्या वाटेत असे बसून राहिले, ऊठ म्हणता उठेनासे झाले, तर त्याच्यावर रागवा हवे तर, पण फार दिवस रागवू नका. त्याचे पाय लटलट कापत असतात. तुम्हाला ते दिसत नाही. मला ते कळते, कारण त्या वेळी त्याचे सगळे वजन माझ्यावर असते.